स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे : एका फिरत्या मेसेजला हँगरमधून उत्तर

गेल्या आठवड्यात सांगलीतल्या आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तोच कराडच्या भाच्याने पाठवला, तोच विट्याच्या व्याह्यांनी पाठवला, आणि संध्याकाळी मावशीचा फोन. तिचं कोल्हापूरहून हैदराबादचं तिकीट काढलेलं. ‘रद्द करू का रे? तू जन्मभर विमानंच दुरुस्त केलीस ना?’

मेसेज असा होता : ‘सावधान! विमान हवेत स्टॉल होतं म्हणजे त्याचं इंजिन बंद पडतं. ते सांगायला आत भोंगा असतो. अनुभवी पायलटला भोंगा लागतच नाही. तरी आता तो सक्तीने बदलायला लावतात, म्हणजे आधीची विमानं सदोष होती हे सिद्ध झालं. हा सगळा पार्ट विकायचा धंदा. बदल करायचा की नाही हे विमानवाल्यांवर सोडा. ७३७ मॅक्समध्ये याच यंत्रणेने ३४६ माणसं मारली. असा बदल केलेल्या विमानात बसू नका. जास्तीत जास्त शेअर करा.’

यातला आकडा तेवढा बरोबर आहे. बाकीचं एकेक घेतो.

‘स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं’

इंग्रजीत गाडी बंद पडली तरी तिला स्टॉलच म्हणतात, घोळ तिथून सुरू झाला असावा. ग्लायडरला इंजिनच नसतं, तरी ते स्टॉल होतं. तेव्हा हा मुद्दा इथेच निकालात निघतो. पण स्टॉल म्हणजे काय हे नीट कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही, म्हणून थोडं थांबतो.

सातारा-कराड एसटीत खिडकीशी बसून आपण सगळ्यांनी लहानपणी हात बाहेर काढलेला आहे (आणि कंडक्टरच्या शिव्याही खाल्ल्या आहेत). पंजा आडवा धरला की वारा सुळकन निघून जातो. अंगठ्याची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी वर केली की आणखी जोरात. पण एका मर्यादेपलीकडे पंजा उभा करत नेला की उचलणं संपतं, वारा हाताला नुसता मागे रेटतो. उचलण्याचा जोर निघून जातो तो क्षण म्हणजे स्टॉल. एसटीचं इंजिन त्या वेळी मजेत घरघरत असतं.

विमानाच्या पंखाचं तेच. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी पंखाचा जो कोन होतो तो साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला (पंखागणिक हा आकडा बदलतो) की वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहायची थांबते, सुटते, घुसळते. पंख विमान पेलेनासा होतो. उपाय एकच : नाक खाली करा, कोन कमी करा, हवा परत चिकटू द्या. सांगायला सोपं आहे. जमीन जवळ दिसत असताना हात मात्र उलटं करतो, विमान चालवायची कांडी मागे ओढतो, म्हणजे नाक आणखी वर.

‘अनुभवी पायलटला भोंगा लागत नाही’

भोंगा म्हणजे नेमकं काय ते बघायचं तर कराडजवळच्या विजयनगरच्या धावपट्टीवर चला. कोयना धरणाच्या कामासाठी झालेली ही पट्टी, आता तिथे शिकाऊ पायलट उडतात. जगभर शिकवायला वापरलं जाणारं सेसना १७२ घ्या. जुन्या सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. त्यातून नळी थेट कॉकपिटजवळच्या पिपाणीपर्यंत जाते. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. कोन वाढला की त्या भोकाशी हवेचा दाब कमी होतो, हवा ओढली जाते आणि पिपाणी वाजते. उड्डाणाआधी ती तपासायची रीत पुस्तकातच दिलेली आहे : भोकावर स्वच्छ रुमाल धरा आणि तोंडाने हवा ओढा. आवाज आला तर ठीक. नवखा पोरगा हमखास फुंकर मारतो. मग उस्ताद ओरडतो, ‘बासरी नव्हे ती, ओढ!’

रुमाल का, तर आत काय बसलंय ते तोंडात जाऊ नये म्हणून. नोकरीच्या दिवसांतली गोष्ट. पावसामुळे एक विमान पाच दिवस जागेवर उभं होतं. सहाव्या दिवशी सकाळी मी हवा ओढली तर पिपाणी गप्प. बॅटरी लावून पाहिलं तर भोकात मातीचं सुबक घरटं. कुंभारीण माशीने बाळंतपण उरकलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला विमान ठणठणीत दिसत होतं.

नियमाने हा इशारा स्टॉल व्हायच्या किमान ५ नॉट आधी, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटर आधी, मिळायला हवा. सांगलीकरांना हे वेगळं समजवायला नको. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ती मधली पाच फुटं कशासाठी असतात? गुरं सोडायला, गाद्या माळ्यावर टाकायला, म्हाताऱ्यांना हलवायला. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कृष्णाकाठी जन्म गेलेली अनुभवी माणसंही घरात अडकली होती. ‘मला पाण्याचा अंदाज आहे’ म्हणणारे त्यात जास्त होते, हे माझं निरीक्षण.

अनुभवी पायलटला दिवसाउजेडी, मोकळ्या आभाळात, स्टॉलची चाहूल लागते. पंख थरथरतो, कांडी ढिली लागते. पण रात्री ढगात क्षितिज दिसत नाही. शिवाय बर्फ धरला की पंख नेहमीपेक्षा कमी कोनातच दगा देतो, म्हणजे अंगवळणी पडलेला अंदाज चुकतो. म्हणूनच एटीआरसारख्या विमानात बर्फ वितळवणारी यंत्रणा सुरू केली की स्टॉलचा इशारा आपोआप कमी कोनाला वाजायला लागतो. मावशी जाणार ते विमान याच जातीचं.

एक कबूल करतो : इशारा मिळाला म्हणजे माणूस वाचलाच असं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एक क्यू-४०० विमान पडलं, जमिनीवरच्या एकासह ५० माणसं गेली. कांडी थडथड हलवून सावध करणारा स्टिक शेकर चालू झाला होता. कॅप्टनने कांडी मागे ओढली. त्यानंतर स्टॉलमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण बदललं. पण बहिरे असतात म्हणून कुणी पाणी सोडताना वाजणारा कोयना धरणाचा भोंगा काढून टाकत नाही.

‘सक्तीचा बदल म्हणजे विमान सदोष’

सक्तीच्या बदलाच्या आदेशाला आम्ही हँगरमध्ये ‘एडी’ म्हणतो, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. कुठल्या मॉडेलची, कुठल्या क्रमांकाची विमानं, काय तपासायचं, काय बदलायचं आणि किती तासांत किंवा किती दिवसांत, एवढं त्यात असतं. कधी कधी ‘पुढच्या उड्डाणाआधी’ असंही असतं. विमानाचं डिझाइन जिथलं तिथली विमान सुरक्षा यंत्रणा तो काढते, आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं, तो पाळायला लावते. काम झालं की लॉगबुकात एडीचा नंबर, तारीख, सही. दरवर्षी विमानाच्या कागदांची तपासणी होते तेव्हा ही यादी पुढ्यात घेऊन बसतात.

बऱ्याच एडी अपघात न होताच निघतात, कुठेतरी एका विमानात काही विचित्र घडलं म्हणून. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ए-३२० जातीच्या सुमारे ६,००० विमानांसाठी एका कॉम्प्युटरबाबत तातडीचा आदेश निघाला आणि बहुतेक विमानांचं काम दोन-तीन दिवसांत उरकलं. मेसेजचा सल्ला मानला तर बदल केलेलं विमान टाळायचं आणि न केलेल्यात बसायचं.

‘पार्ट विकायचा धंदा आहे, ऐच्छिक ठेवा’

या मुद्द्याचा मला सगळ्यात राग येतो, कारण ऐच्छिक ठेवून झालेलं आहे.

२५ मे १९७९, शिकागो. डीसी-१० विमान धावपट्टीवरून उचललं जात असताना डाव्या पंखाचं इंजिन खांबासकट उखडून पडलं. पडताना त्याने पंखातल्या हायड्रॉलिकच्या नळ्या तोडल्या. त्यामुळे डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला बाहेर काढलेल्या स्लॅट नावाच्या झडपा वाऱ्याच्या रेट्याने आत गेल्या. या झडपा बाहेर असल्या की पंख कमी वेगातही टिकतो. आता उजवा पंख धडधाकट आणि डावा लंगडा. डावा पंख १५९ नॉटला स्टॉल होणार होता. वैमानिकांनी पुस्तकात लिहिलं होतं तेच केलं : एक इंजिन गेलं की वेग १५३ नॉटकडे आणायचा. वर्षानुवर्षं घोकलेली, एरवी अगदी बरोबर असलेली कृती. डावा पंख स्टॉल झाला, विमान डावीकडे कलंडलं. विमानातली २७१ आणि जमिनीवरची २ माणसं गेली. सगळं ३१ सेकंदांत.

स्टिक शेकर हलला असता तर त्यांना कळलं असतं की पुस्तकातला आकडा आज चालणार नाही. पण त्या विमानात शेकर फक्त कॅप्टनच्या कांडीला होता, आणि त्याची वीज यायची ती नेमकी उखडलेल्या इंजिनाच्या जनरेटरवरून. कॉकपिटमधून पंख दिसत नाही. झडपा आत गेल्याचं सांगणारा दिवाही त्याच विजेवर. सहवैमानिकाच्या कांडीला दुसरा शेकर मिळत होता, पण तो ऐच्छिक होता. ज्याला हवा त्याने पैसे मोजून घ्यावा. तो घेतलेला नव्हता. अपघातानंतर दोन्ही कांड्यांना शेकर सक्तीचा झाला.

पार्ट विकायचाच असता तर कंपनीला ऐच्छिकच परवडतं. वेगळं बिल लावता येतं.

चाळीस वर्षांनी पुन्हा तेच. बोइंगच्या ७३७ मॅक्सला कोन मोजणारे दोन सेन्सर होते. दोघांचं जुळत नसेल तर पडद्यावर तसा इशारा यायला हवा होता. पण ज्या विमानांना कोनाचा ऐच्छिक दर्शक विकत घेतलेला नव्हता त्यांत तो इशारा चालतच नव्हता. कंपनीने ही चूक २०१९ मध्ये मान्य केली. २०२० च्या एडीने तो इशारा सगळ्यांना सक्तीचा केला.

लहान फ्लाइंग क्लबांना सक्तीचा खर्च जड जातो, हे मी आतून पाहिलंय. पार्टची वाट पाहत विमान आठवडेच्या आठवडे उभं राहतं, पोरांचे उड्डाणाचे तास रखडतात, घरी कर्जाचे हप्ते चालू. ती तक्रार खरी आहे. त्यावर पार्ट लवकर मिळायची सोय करा म्हणा, मी सही करतो.

‘मॅक्समध्ये याच यंत्रणेने माणसं मारली’

इथे मेसेज सत्याच्या जवळून जातो, म्हणून जास्त फसवतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ माणसं गेली. दोन्ही वेळा एका सेन्सरने खोटा कोन सांगितला. एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर त्या एकट्यावर विश्वासून नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिलं. एमकॅस हा भोंगा नव्हता, पण भोंगाही त्याच खोट्या कोनावर विसंबला आणि एका बाजूची कांडी थडथडत राहिली. म्हणजे खोटा इशारा माणसाला गोंधळात टाकतो, हे खरंच.

पण यावर झालं काय? सक्तीचे बदल. आता दोन्ही सेन्सर जुळले तरच एमकॅस चालतं, एका वेळी एकदाच दाबतं, आणि पायलटच्या हाताला ते ऐकतं. हे होईपर्यंत विमान जमिनीवर होतं. आपल्याकडे मार्च २०१९ ते ऑगस्ट २०२१. मेसेज ज्या बदलाला घाबरवतो, तो या अपघातांचं उत्तर आहे.

इशारा खोटा वाजत राहिला तर माणूस खऱ्यालाही खोटा समजतो. १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडेंट विमान पडून ११८ जण गेले. वेग कमी असताना झडपा आत घेतल्या गेल्या होत्या. यंत्रणेने कांडी हलवली, मग स्वतः पुढे ढकलली, आणि कॉकपिटमधून ती यंत्रणाच बंद केली गेली. तिच्या खोट्या इशाऱ्यांमुळे वैमानिकांचा तिच्यावर भरवसा नव्हता, हे चौकशीत आलं.

एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात (१ जून २००९, २२८ मृत्यू) वेगळीच गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. ‘स्टॉल’ हा आवाज ७५ वेळा झाला. पण वेग ६० नॉटच्या खाली गेला की कॉम्प्युटर कोनाचं माप अवैध धरायचा आणि आवाज थांबायचा. नाक जरा खाली केलं की माप परत वैध, आवाज परत सुरू. योग्य केलं की ओरडा आणि चुकीचं केलं की शांतता.

म्हणून हल्लीची सक्ती इशारा जोडण्यापुरती नाही, खोटा इशारा गप्प करण्याचीही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला : मॅक्स विमानांना कोनाचं माप पडताळणारी वाढीव व्यवस्था हवी आणि चुकीचा स्टॉल इशारा पायलटला बंद करता येईल अशी सोयही हवी. आधीच उडत असलेल्या मॅक्सनाही, ठरलेल्या मुदतीत.

मावशीला यातलं निम्मंच सांगितलं. म्हटलं, तिकीट राहू दे. विमानाकडे चालत जाताना नाकाच्या बाजूला बघ, बोटभर लांबीचं एक छोटं पातं दिसेल, ते कोन मोजतं. मात्र हात लावू नकोस. ‘मी कशाला लावतेय,’ ती म्हणाली, ‘मला खिडकीची जागा मिळाली म्हणजे झालं. आणि हात बाहेर काढता येत नाही तिथे, एवढं मलाही कळतं.’