बिन्नी नावाचा देशच नाही, अन् ती लिंक तर उघडूच नका

आमच्या मेहकर-लोणार भागातल्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला, "सैनिकांच्या आईवडिलांनी अवश्य वाचा" म्हणून. काल तो माझ्या मोठ्या आईपर्यंत पोचला. तिचा पोरगा म्हणजे माझा चुलत भाऊ फौजेत आहे, कुठं ते मी लिहिणार नाही. सोयाबीनची सोंगणी अर्धी टाकून ती वावरातून घरी आली अन् मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाली, "काहून रे, आपल्या पोराच्या फोनात बी शिरले काय ते?" रात्री धड जेवली नाही. म्हणून हे लिहून राह्यलो, नाहीतर मी अशा फॉरवर्डच्या मागं लागत नाही.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की अमेरिकेनं "एआय एजंट" नावाचं सॉफ्टवेअर आत्ताच काढलं, ते मित्रदेशांच्या फौजांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडते. भारतानं ते घेतलं त्यामुळं आपली सगळी गुपितं उघडी झाली. हल्ल्याचा हुकूम आता हे एजंटच देतात. 2012 मध्ये त्यांनी आफ्रिकेतला बिन्नी नावाचा देश जाळून टाकला अन् जगानं ते दाबलं. शेवटी एक लिंक आहे, "आपल्या जवानाची माहिती भरा अन् त्याचा फोन एजंटमुक्त करा". लिंक कोणी उघडू नका, काहून ते खाली सांगतो.

आधी बिन्नीचं घेऊ, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरले, सोबत नकाशा जोडलेला आहे ना.

बिन्नी नावाचा देश पृथ्वीवर नव्हता अन् नाही. तो एका प्रयोगासाठी कागदावर रचलेला देश आहे. 2000 ते 2002 या काळात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्या संरक्षण संशोधन संस्थांनी अन् विद्यापीठांनी मिळून कोॲक्स नावाचा प्रयोग केला, त्यामागं डार्पा ही अमेरिकेची संस्था होती अन् एडिनबरा विद्यापीठासारखे लोक होते. वेगवेगळ्या देशांच्या फौजा ऐनवेळी एकत्र आल्या अन् त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला तयार नसले तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी कथा लागते, तर कथा अशी केली की साल आहे 2012, हवामान बदलल्यामुळं सुदानकडचं मैदान सुपीक झालं, त्याला नाव दिलं आफ्रिकेचा सोन्याचा वाडगा, अन् त्या जमिनीवरून गाओ अन् आगादेझ असे दोन देश भांडून राह्यले, मधल्या मधी बिन्नी. भांडण थांबवायला बाकी देशांच्या फौजांची आघाडी येते, अन् लढणाऱ्यांना लांब ठेवायला मधल्या पट्ट्यात आग लावायची, असा तिचा एक बेत त्या कथेत येतो. झालं, मेसेजवाल्यानं तेवढंच उचललं, कथेतलं 2012 खरं धरलं अन् देश जाळून मोकळा झाला.

नकाशावर गाओ अन् आगादेझ सापडते असं आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं. सापडेलच, बापा. गाओ हे माली देशातलं शहर आहे, आगादेझ हे नायजरमधलं. कथा रचणाऱ्यांनी नावं उसनी घेतली, दोन्ही शहरं जिथल्या तिथं आहेत.

दाबलं म्हणता तर तेही खोटं. आयईईई इंटेलिजंट सिस्टिम्स या मासिकाच्या 2002 च्या मे-जून अंकात त्या प्रयोगाचा सविस्तर लेख छापून आला, तो प्रयोग करणाऱ्यांनीच लिहिला. मी सगळा वाचला, काही भाग दोनदा वाचावा लागला. आगीच्या बेताचं त्यात काय होते माहीत आहे का? त्या पट्ट्याजवळ एक सफारी पार्क आहे, तिथल्या मोठ्या जनावरांचे कळप कुठं सरकले ती माहिती एजंट, म्हणजे कॉम्प्युटरातले प्रोग्रॅम, गोळा करतात अन् अधिकाऱ्यांना दाखवतात, म्हणजे बेत बदलायचा का हे त्यांना ठरवता यावं. हे ज्यानं वाचलं तो माणूस "देश जाळला" असं लिहूच शकत नाही.

अन् त्याच लेखातली दुसरी गोष्ट तर मेसेजच्या अगदी उलटी आहे. कथेत गाओ हा देश म्हणतो की आम्हालाही आघाडीत घ्या. घेतात, पण भरवसा कमी म्हणून त्याच्या एजंटला वेगळ्या कप्प्यात ठेवतात, कोणाशी बोलायचं, काय पाहायचं याचे नियम बांधून. गाओ पुढं खोटी माहिती पाठवतो, आगीची जागा सरकावी अन् आपल्याला आत घुसता यावं म्हणून. ती लबाडी पकडली जाते. मग त्याचा एजंट सिस्टिम जाम करायचा प्रयत्न करतो, तर त्याला मिळणारा प्रोसेसर, डिस्क अन् नेटवर्क यांची मर्यादा तिथल्या तिथं खाली आणतात अन् तो पांगळा होतो. सोबती दगाबाज निघाला तर काय, हा प्रश्न त्या लोकांनी वीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वी स्वतःहून घेतला होता. त्यांच्याच कामावरून मेसेज लिहून त्यांनाच म्हणायचं की यांनी सगळं उघडं टाकलं, याचा मला खरंच राग येते.

"आत्ताच काढलं" याचं उत्तर वर आलंच. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टला नौदलाच्या केंद्रात या प्रयोगाचं शेवटचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा आपल्याकडं गावात एसटीडी बूथ होते.

सगळी गुपितं उघडी झाली, हे म्हणणाऱ्याला जोडणं म्हणजे काय तेच माहीत नाही. एजंट म्हणजे नेमून दिलेलं काम आपणहून करणारा प्रोग्रॅम, तो दुसऱ्या प्रोग्रॅमला निरोप देतो-घेतो. ब्रिटनचं हवाई मोहिमा आखायचं सॉफ्टवेअर वेगळं, अमेरिकेचं मालवाहू विमानांचं वेळापत्रक करायचं वेगळं, दोन्ही जुने, दोन्ही एकमेकांसाठी बनलेच नव्हते. त्या प्रयोगात दोघांभोवती एजंटचा एकेक थर बसवला अन् कोणती विमानं कधी कुठून उडणार एवढी माहिती इकडून तिकडं गेली. तलाठ्याकडून सातबारा घेतला म्हणजे काही दफ्तराचं कपाट तुमच्या घरी येत नाही, तसंच आहे हे. जे मागितलं, अन् जे द्यायची परवानगी आहे, तेवढंच जाते.

भारत तर त्या प्रयोगात नव्हताच. मेसेजमध्ये "कॉमकासा" असा शब्द टाकलाय म्हणून सांगतो, हा भारत-अमेरिकेतला करार खरा आहे, 6 सप्टेंबर 2018 ला दिल्लीत सही झाली. त्यातून अमेरिकन बनावटीच्या विमानांवर वगैरे त्यांची सांकेतिक संपर्काची यंत्रणा आपल्याला मिळायची वाट मोकळी झाली. आपल्या फौजेचे सगळे कॉम्प्युटर अमेरिकेला जोडायचा तो करार नाही.

आता एक गोष्ट मला कबूल करावी लागते, मनात नसताना. जितकी जोडणी जास्त तितक्या फटी जास्त, हे खरं आहे. प्रयोगशाळेत गाओचा एजंट पकडला म्हणून रणांगणावर प्रत्येक वेळी पकडलाच जाईल असं कोणी सांगू शकत नाही. यावर शंका घ्या, मीही घेतो. पण न जोडण्याचीही किंमत असते ती हा मेसेज सांगत नाही. 14 एप्रिल 1994 ला उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन लढाऊ विमानांनी अमेरिकेचीच दोन हेलिकॉप्टरं पाडली, 26 माणसं गेली, त्यात ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की अधिकारी अन् कुर्द लोकही होते. ओळख पटवायचे कोड जुळले नव्हते, रेडिओवर एकमेकांशी बोलणं नव्हतं. आपल्याकडं 27 फेब्रुवारी 2019 ला बडगाममध्ये आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, हवाई दलाचे सहा जण अन् खालचा एक नागरिक गेला, नंतर हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक होती असं मान्य केलं. एजंट असते तर हे टळलंच असतं असा माझा दावा नाही. पण कोण कुठं आहे हे आपल्याच माणसाला वेळेवर न कळण्यानं जवान मरतात, एवढं तरी दिसते.

हुकूम एजंट देतात हा मुद्दा पटकन संपवतो. कोॲक्समध्ये एजंट माहिती जमवतात, दोन बेत एकमेकांना आडवे येत असले तर सांगतात, ठरवतात अधिकारी. आपणहून मारा करणाऱ्या हत्यारांचा वाद वेगळा आहे, तो खरा आहे अन् गंभीर आहे, त्यावर 2014 पासून जिनिव्हात देशादेशांमध्ये बोलणी चालू आहेत. तो या मेसेजमध्ये कालवू नका.

आता लिंक. मोठ्या आईच्या फोनवर नाही, माझ्या जुन्या फोनवर सिम काढून, घरच्या वायफायवर ती मी उघडली, तुम्ही हेही करू नका. फॉर्ममध्ये काय मागतात पाहा: जवानाचं नाव, युनिट, सध्याची पोस्टिंग, त्याचा नंबर, सुट्टीवर कधी येणार. सुट्टीची तारीख! कोणतं सॉफ्टवेअर फोन साफ करायला सुट्टीची तारीख मागते? पुलवामात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान गेले, ते सुट्टीवरून परतलेल्या जवानांच्या ताफ्यात होते. जवानांचं येणं-जाणं कधी, कुठून, हीच माहिती ज्याला पाहिजे त्याला आपण आपल्या हातानं भरून द्यायची का? 2020 च्या जुलैमध्ये लष्करानं जवानांना फेसबुकसकट 89 ॲप फोनमधून काढायला लावले, ते याच भीतीनं. पोरं तिकडं फेसबुक सोडतात अन् इकडं त्याची आई भीतीपोटी सगळं लिहून देते, अन् दोष त्या माउलीचा नाही, तिला घाबरवणाऱ्याचा आहे.

आमच्या गावातल्या एका काकूंनी तो फॉर्म भरला होता. त्यांना कोणी बोललं नाही, बोलायचंही नाही. त्यांच्या मुलाला फोन लावून दिला, त्यानं त्याच दिवशी त्याच्या वरिष्ठांना कळवलं. तुमच्याकडं कोणी भरला असेल तर हेच करा, लपवू नका, जवानाला आजच सांगा, अन् 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मेसेज डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीला लागते. ग्रुप ॲडमिननं तो सगळ्यांसाठी डिलीट करावा अन् ज्यानं टाकला त्याला विचारावं की तुला कोणाकडून आला.