गुलामगिरीची कादंबरी अंगाला लावून न घेता कशी वाचावी

गुलामगिरीच्या काळातली, पाच पिढ्यांची, सहा-सातशे पानांची कादंबरी तुम्ही हातावेगळी केली आहे. म्हणजे पहिली दीडशे पानं वाचली, मधली चाळली, शेवट आधीच बघून ठेवला होता. आता चारचौघांत मत द्यायचं आहे. नवखे वाचक नेमके इथे घसरतात. 'वाचून झोप उडाली हो,' म्हणतात. हे मत नव्हे, ही तब्येतीची तक्रार झाली. शिवाय ऐकणाऱ्याची पंचाईत होते ती वेगळीच, कारण त्याला आता पुस्तक वाचावं लागतं. मुरलेला वाचक असं काही बोलतो की पुस्तकही निकालात निघतं आणि चहाही गार होत नाही.

सगळ्यात बिनधोक सुरुवात म्हणजे 'लिहिलंय चांगलं, पण फार एकांगी आहे.' हे कुठेही खपतं. दुसरं अंग कोणतं, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साडेतीनशे वर्षांत सुमारे 1 कोटी 25 लाख माणसं जहाजांत कोंबली गेली, पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे 1 कोटी 7 लाख. उरलेले 18 लाख वाटेतच संपले. लेखकाने त्या वाटेवर तीन प्रकरणं खर्च करावीत आणि कप्तानाला घरची आठवण येते त्यावर जेमतेम दीड पान, हा असमतोल तुमच्या चाणाक्ष नजरेतून सुटता कामा नये.

पुढची पायरी: 'सगळेच मालक काही वाईट नव्हते.' हे म्हणताना मान किंचित तिरकी ठेवावी, अभ्यास केल्यासारखं वाटतं. कोणी उदाहरण मागितलं तर बिचकू नका, थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन काढा. माणूस मोठा. ग्रंथांचा षौकी, फ्रेंच वाइनचा दर्दी, सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत असं 1776 मध्ये जगाला सांगणारा. जन्मभरात त्याच्या मालकीची 600 हून अधिक माणसं होती हे आपण होऊन सांगायची गरज नाही. सांगावं लागलंच तर 'तो काळच तसा होता' हे हाताशी आहेच.

त्याच्या मॉन्टिसेलोच्या घरातली इडिथ फॉसेट तर कादंबरीसाठीच घडवल्यासारखी बाई. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना तिला पोरवयात वॉशिंग्टनला नेलं आणि फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली घातलं. पुढे ती मॉन्टिसेलोची मुख्य स्वयंपाकीण झाली. 1824 मध्ये डॅनियल वेबस्टर हा राजकारणी तिथे जेवला आणि निम्मी व्हर्जिनियाची, निम्मी फ्रेंच अशी त्या पंगतीची तारीफ लिहून ठेवून गेला. स्वयंपाकिणीचं नाव लिहायचं राहिलं, गडबडीत राहतं. तिचा नवरा जोसेफ तिथलाच लोहार. वाचताना इथे तुम्ही जरा थांबावं, 'बघा, किती घरच्यासारखं ठेवलं होतं' असं म्हणावं आणि पुस्तक मिटावं.

मिटावंच. कारण 1826 मध्ये जेफरसन वारला, तेव्हा डोक्यावर 1 लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. मृत्युपत्रात जोसेफला मोकळं केलं होतं, इडिथला आणि मुलांना नाही. जानेवारी 1827 मध्ये मॉन्टिसेलोवर लिलाव पुकारला गेला. जनावरं, शेतीची अवजारं, घरातलं सामान आणि 130 माणसं. फॉसेटांची मुलं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. त्यांतला पीटर 11 वर्षांचा होता. बाप घण मारून पैसे साठवत एकेकाला सोडवू लागला. पीटर नव्या मालकाकडे चोरून लिहा-वाचायला शिकला, पुढे सुटला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि 1900 मध्ये, पंचाऐंशीच्या घरात आलेला असताना, मॉन्टिसेलो पाहायला परत गेला. पिढ्यांच्या कादंबरीला लागतो तेवढा सगळा ऐवज यात आहे. फक्त चांगल्या मालकाची तेवढी अडचण होते.

प्रेमकथा हवी असेल तर तीही याच घरात मिळेल. सॅली हेमिंग्ज ही जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण, एका बापाची. मेहुणी म्हणा हवं तर, पण हिशेबात ती मालमत्ता होती. 1998 च्या डीएनए चाचणीनंतर तिची मुलं जेफरसनचीच, हे बहुतेक इतिहासकारांनी मान्य केलं आहे. 'नाही' म्हणण्याची सोय नसलेल्या बाईचं प्रेम नेमकं कसं ओळखायचं, असले प्रश्न रसभंग करतात. 1662 चा व्हर्जिनियाचा कायदाही वाचू नका. मूल आईच्या दर्जाचं धरायचं, बापाच्या नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. म्हणजे मालकाला होणारं मूल त्याच्याच वहीत जमेच्या बाजूला. तुम्ही आपलं 'दोघांतली ओढ अजून खुलवता आली असती' असं म्हणा.

यानंतर रचनेकडे वळा, म्हणजे तुमचं मत साहित्यिक ठरेल. 'पात्रं फार, त्यांतली निम्मी मध्येच गायब. त्या धाकट्या मुलाचं पुढे काय झालं हे लेखक विसरलाच.' हे ठासून सांगा. 1808 पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, दक्षिणेत कापूस तर फोफावत होता. मग व्हर्जिनिया-मेरिलँडकडची माणसं विकत घेऊन खाली अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे नेण्याचा धंदा तेजीत आला. यादवी युद्धापर्यंत अशी सुमारे 10 लाख माणसं हलवली गेली. धाकट्याचं पुढे काय झालं, हे त्याच्या आईलाही कळलं नाही.

तिने चौकशी केली नाही असं नाही. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' या पत्रात 1879 पासून हरवलेल्या जिवलगांच्या शोधाचं एक सदर येऊ लागलं. वर्गणीदार नसाल तर 50 सेंट भरायचे, मजकूर छापून यायचा आणि ठिकठिकाणचे पाद्री तो प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवायचे. मजकूर साधारण असा: आईचं नाव अमुक, आम्ही तमक्याच्या मालकीचे, त्याने मला फलाण्याला विकलं तेव्हा मी एवढीशी होते, भावांची नावं ही आणि ही. गुलामगिरी कायद्याने गेली 1865 मध्ये; या जाहिराती त्यानंतर कित्येक वर्षं येतच राहिल्या. ज्या पाल्हाळाला तुम्ही कंटाळलात, कोण कोणाचा मुलगा आणि कोणी कोणाला विकलं याची ती लांबण, ती इथून आलेली आहे. पण शैली म्हणून ती बसत नाहीच. 'धागे नीट जुळवलेले नाहीत' असा शेरा मारून एक तारा कापून टाका.

एवढ्यानेही समोरचा गप्प झाला नाही, तर ब्रह्मास्त्र काढा: 'हे खरं कशावरून?' यासाठी अॅलेक्स हेलीचं 'रूट्स' पाठ करून ठेवा. पुस्तक 1976 चं, जानेवारी 1977 मध्ये त्याची मालिका ओळीने आठ रात्री अमेरिकेच्या टीव्हीवर चालली आणि घरंच्या घरं तिच्यापुढे बसून राहिली. गँबियातल्या जुफुरे गावातून गुलाम म्हणून नेलेल्या कुंटा किंटे या पूर्वजापासून आपल्यापर्यंतची वंशावळ हेलीने मांडली होती. वंशावळींच्या अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा तिचे सांधे निखळले. शिवाय हॅरल्ड कोरलँडर या लेखकाच्या कादंबरीतले काही उतारे उचलल्याबद्दल हेलीला 1978 मध्ये पैसे देऊन तडजोड करावी लागली. हे सगळं खरं आहे, आणि त्यावर हेलीला धारेवर धरणाऱ्यांची बाजू चुकीची नाही. तुम्ही मात्र तेवढ्यावर थांबू नका. हेलीची वंशावळ चुकली, तस्मात या विषयावरच्या सगळ्याच कादंबऱ्या वाढवून-चढवून लिहिलेल्या, अशी उडी घ्या. उडी लांब आहे, पण तिथे तुम्हाला अडवायला कोणी उभं नसतं.

कागद का सापडत नाहीत, हे मात्र कोणाला बघू देऊ नका. 1850 आणि 1860 च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. मालकाचं नाव पहिल्या रकान्यात, पूर्ण. मग एकेका गुलामासाठी एक ओळ: वय, स्त्री की पुरुष, रंग काळा की मिश्र. पळून गेलेला असेल तर तसं, मुक्त केलेला असेल तर तसं, बहिरा, मुका, आंधळा, वेडा असेल तर त्यासाठीही जागा. 1860 मध्ये एक रकाना वाढवला, मालकाकडे गुलामांच्या झोपड्या किती आहेत तो आकडा लिहायला. गुलामाच्या नावासाठी रकाना नव्हता. झोपड्या मोजल्या गेल्या, आणि त्यांत राहणारी 39 लाखांहून जास्त माणसं आकड्यांत आली. सरसकट सगळ्यांची नावं जनगणनेत उमटली ती 1870 मध्ये. त्यामुळे आज आपलं घराणं शोधणारा नातू-पणतू 1870 पर्यंत सरळ जातो आणि तिथे भिंतीवर आदळतो. भिंतीपलीकडे खणायचं तर मालकाची मृत्युपत्रं, खरेदीखतं, जमाखर्चाच्या वह्या उलटायच्या, आणि खेचरं अन् काहिली यांच्यामध्ये एखादं नाव सापडतंय का ते बघायचं. तुम्ही खुर्चीत मागे रेलून 'पुरावा काय?' एवढंच विचारा. प्रश्न रास्त आहे, फक्त पत्ता चुकला आहे.

मालकिणीच्या पोरांना पोटच्यासारखं वाढवणारी गुबगुबीत दाई तुम्हाला सगळ्यात जास्त आवडली असेल. आवडावीच. 1939 च्या 'गॉन विथ द विंड' या चित्रपटात अशीच दाई रंगवून हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली. समारंभात तिला बाकीच्या नटमंडळींपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. पण दाईचं मन मोठं असतं, ती मनावर घेत नाही, हे तुम्ही सहाशे पानं वाचलंच आहे.

आणि आता मराठी वाचकाचा हुकमी एक्का: 'काही म्हणा, असलं आपल्याकडे नव्हतं.' हा टाकला की चर्चा संपते. मात्र टाकण्याआधी आजूबाजूला कोणी इतिहासाचा विद्यार्थी नाही ना, ते बघून घ्या. तो जुन्या गोव्याच्या भररस्त्यावर चालणाऱ्या गुलामांच्या लिलावाचं सोळाव्या शतकातलं वर्णन काढील. मग मलिक अंबर काढील: इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला आणि शेवटी निजामशाहीचा गाडा हाकणारा. मलिक अंबरला घाबरू नका. 'कर्तृत्व असेल तर गुलामही कुठल्या कुठे जातो' असं म्हणून तो आपल्याच बाजूने वळवून घेता येतो.

कुणबिणींचं, म्हणजे गुलाम म्हणून राबवलेल्या बायकांचं, तसं होत नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बदकर्माचा आळ येऊन सरकारजमा झालेल्या बायका आहेत, किल्ल्यांवर, पागांत, कोठ्यांत राबणाऱ्या बायका आहेत. बायकोची सावत्र बहीण हिशेबात धरणारा जेफरसन आपल्याला परका वाटतो, कारण तो इंग्रजीत हिशेब ठेवायचा. पेशवाईवरच्या कादंबऱ्यांनी आपली कपाटं भरलेली आहेत. त्यांत कुणबीण समया उजळते, पडदा सारते, 'बाईसाहेब, श्रीमंत आले' अशी वर्दी देते आणि पुढच्या परिच्छेदाआधी निघून जाते. ती कुठून आणली, कितीला घेतली, तिची पोरं कोणाची, हे कोणी विचारत नाही. त्या कादंबऱ्यांत पात्रं मध्येच गायब होतात अशी तक्रार तुम्ही कधी केली नाही, हे अगदी योग्य केलंत.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथेच लिहून ठेवली. अर्पणपत्रिका वाचायची आपल्याकडे पद्धत नाही, हे बरंच आहे.

आणि एवढं सगळं करूनही कोणी कुणबिणींचा विषय काढलाच, तर अनुवादातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला घ्या. त्या असतातच.