स्मार्ट नेटवर्क कार्डातील प्रोसेसर आणि एक फिरता संदेश

जळगाव-धुळ्याकडे नेटवर्किंगचे काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की स्मार्ट नेटवर्क कार्ड म्हणजे साध्याच कार्डावर बसवलेला मोबाइलचा प्रोसेसर; प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) तोच तपासतो, त्यामुळे सर्व्हरवरचा भार शून्य होतो; आणि डेटा सेंटरमधून निघालेले असे कार्ड घरच्या कॅबिनेटमध्ये खुशाल लावावे. अशी कार्डे सर्व्हरला नेटवर्कशी जोडतात आणि त्याचे काही काम स्वतःच उचलतात; त्यांपैकीच एक, एनव्हिडियाचे ब्लूफील्ड-2, समोर ठेवून हे दावे तपासता येतात.

मोबाइलच्या प्रोसेसरची गोष्ट अर्धी खरी आहे. ब्लूफील्ड-2 च्या चिपमधील आठ आर्म कोअर (प्रोसेसरचे गणना करणारे भाग) कॉर्टेक्स-ए72 जातीचे आहेत आणि तीच जात 2016 च्या सुमाराच्या अनेक फोनांत होती. मात्र त्याच चिपमध्ये कनेक्टएक्स-6 डीएक्स हा पूर्ण नेटवर्क विभागही आहे. शेजारी स्वतःची डीडीआर4 मेमरी, लिनक्स साठवायला ईएमएमसी ही कायमची साठवण आणि व्यवस्थापनासाठी वेगळा आरजे-45 पोर्ट असतो. शिवाय मायक्रोसॉफ्टने ॲझ्युअरसाठी घडवलेल्या कार्डांत पॅकेटचे काम एफपीजीएकडे, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपकडे, दिलेले आहे. म्हणजे ‘स्मार्ट’पणासाठी आर्म कोअरच हवेत, असेही नाही.

‘प्रत्येक पॅकेट प्रोसेसर तपासतो’ हा दावा तर साध्या हिशेबातही टिकत नाही. 64 बाइटचे सर्वांत लहान पॅकेट प्रारंभखूण आणि मधले अंतर धरून तारेवर 84 बाइटांची जागा घेते, त्यामुळे 100 गिगाबिटच्या वेगाला सेकंदाला सुमारे 14 कोटी 88 लाख पॅकेट येऊ शकतात, म्हणजे एकामागे जेमतेम 6.7 नॅनोसेकंद मिळतात. कोअरचा वेग 2.5 गिगाहर्ट्झ धरला, तर आठही कोअर जुंपून एका पॅकेटच्या वाट्याला साधारण 135 चक्रे येतात, आणि मुख्य मेमरीपर्यंत एकदा जाऊन यायलाच याहून अधिक चक्रे लागू शकतात. म्हणून ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचचे काम कार्डाच्या हार्डवेअरकडे सोपवणारे ऑफलोड चालू असताना नव्या प्रवाहाचे पहिले पॅकेट तेवढे आर्मकडे जाते, तिथे ठरलेला नियम हार्डवेअरमधील स्विचच्या तक्त्यात उतरतो, आणि पुढची पॅकेट कोअरला न शिवता परस्पर निघून जातात. संदेश लिहिणाऱ्याने नेमका हा स्विचच वगळला आहे.

भार शून्य होण्याबद्दल फार लिहायला नको. व्हर्च्युअल स्विचिंग (सर्व्हरमधील आभासी संगणकांची वाहतूक वळवणे) आणि काही एन्क्रिप्शन कार्डावर जाते. डेटाबेस, वेब सर्व्हर आणि नेहमीचे टीसीपी (डेटा बिनचूक पोहोचवणारी व्यवस्था) सर्व्हरच्याच प्रोसेसरवर राहतात.

उरला घरच्या कॅबिनेटचा सल्ला, आणि आपल्या भागात तोच सर्वांत महागात पडेल. या कार्डांवर बहुधा पंखा नसतो. सर्व्हरचे पंखे समोरून मागे जोराने हवा ढकलतील, हे गृहीत धरून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) बसवलेला असतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच तापलेली असते, आणि डेस्कटॉपच्या पंख्यांचा झोत कार्डाच्या पात्यांमधून जाईलच याची खात्री नसते. लावायचेच असेल, तर हीटसिंकवर थेट वारा घालणारा पंखा आधी बसवावा. कार्ड डीपीयू मोडमध्ये (ज्यात कार्डाचा ताबा आर्म कोअरकडे असतो) असेल, तर संगणकाची सारी वाहतूक आर्मवरील स्विचच्या व्यवस्थेने ठरवलेल्या नियमांनी जाते. ती व्यवस्था बिघडलेली असली की नेटवर्क बंद दिसते आणि चांगले कार्ड खराब म्हणून परत जाते. परत पाठवण्यापूर्वी आर्मवरचे लिनक्स सुरू झाले आहे का आणि कार्ड कोणत्या मोडमध्ये आहे, हे पाहावे.