चार मतं आणि एक वॉल्व्ह

ठाण्यातल्या किसननगर नाक्यावरच्या कट्ट्यावर पालिका निवडणुकीच्या सात उमेदवारांची पत्रकं कटिंगच्या ग्लासांखाली दाबून ठेवलेली. बाळ्यानं ती आधीच चाळली होती. सातही पत्रकांत पुनर्विकास, सातही पत्रकांत चोवीस तास पाणी, पाचांत मेट्रो. फोटो वेगळे, मजकूर एकाच डीटीपीवाल्यानं लावल्यासारखा.

"मेट्रो छापणाऱ्याला मी बादच करतो," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे पालिकेचा कायदा तोंडपाठ असलेले गृहस्थ, शाळेशी त्यांचा संबंध नाही. "वडाळा–कासारवडवली एमएमआरडीएची, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. अंतर्गत रिंग मेट्रो, ती २९ किलोमीटरची, २२ स्थानकांची, तिला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. बोरिवलीचा बोगदा परत एमएमआरडीएचा. यात नगरसेवकाचा हात कुठे? फार तर स्टेशनाखालचा फुटपाथ आणि तिथवर येणारी पालिकेच्या टीएमटीची बस. पण टीएमटीचं कोणी छापलंय का?"

कोणीच छापलं नव्हतं.

"पण माणसाला घर हवं," सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला. "क्लस्टर, म्हणजे जुन्या इमारतींचा एकगठ्ठा पुनर्विकास, झालंच पाहिजे. एप्रिल २०१३ मध्ये शीळला लकी कंपाउंडची इमारत पडली, ७४ माणसं गेली. त्यानंतर क्लस्टरच्या मागणीनं जोर धरला. पहिलं काम इथलंच, किसननगरचं, सिडकोकडे. मग उमेदवारानं क्लस्टर म्हटलं तर चुकलं काय?"

"चुकलं नाही, अर्धं सांगितलं," अण्णा बोलला. अण्णा पाइपलाइनच्या कामातला. तो बोलायला लागला की हातात काहीतरी धरून पाइपचा व्यास दाखवतो. आज चहाचा ग्लास. "हिशेब कर. किमान क्षेत्र एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर. चटई निर्देशांक चार, म्हणजे जमिनीच्या चौपट. झालं चाळीस हजार चौरस मीटर बांधकाम. घरामागे साठ धर, साडेसहाशेच्या वर घरं. घरात साडेचार माणसं, तीन हजार माणसं. माणशी १३५ लिटरनं चार लाख लिटर रोज. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. एका हेक्टरला."

"आधीपासून राहणारे वजा कर ना."

"करतो. निम्मे वजा कर. वीस टँकर उरले. आणि जेवढं पाणी येतं त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन गटारात जातं, ते गटार कुठलं? जुनंच. आता पत्रकात बघ, इमारत किती मजल्यांची ते आहे, मलवाहिनी किती इंचाची ते नाही."

सेक्रेटरीनं हार मानली नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. धोकादायक इमारतीत राहणाऱ्याला 'आधी पाइप, मग घर' हे उत्तर देता येत नाही. पालिका अशा इमारतींचे वर्ग पाडते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरी दुरुस्ती, सी-३ किरकोळ. दर पावसाळ्याआधी यादी निघते आणि सी-१ वाल्यांच्या दारावर नोटीस लागते. तीस वर्षं झाली की संरचना परीक्षण करून घेणं पालिका कायद्यानं बंधनकारक आहे, कलम २६५ए. ते केलं नाही तर दोष सोसायटीचा. अहवाल सी-१ आला तर मात्र रहिवाशानं जायचं कुठे, हे एकाही पत्रकात नाही. संक्रमण घरं किती, कुठे, किती महिने, हे विचारायला हवं.

"आणि क्लस्टर कशात अडतं ते ऐक," सेक्रेटरी म्हणाला. "पैशात नाही अडत. एका हेक्टरमध्ये एक तुकडा खाजगी, एक सरकारी, एकावर वनखात्याची नोंद, एकाचे वारस तीन गावांत. सातबारा जुळेपर्यंत वर्षं जातात. मग सर्व्हे. सर्व्हेच्या दिवशी दार बंद असलं की नाव यादीतून गळतं, मग हरकत, सुनावणी, पुन्हा यादी. त्यात मध्येच एखादी रीतसर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, असलेली इमारत येते. ती म्हणते, आम्ही स्वतंत्र करतो. सोसायटीला पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या ७९ए खाली सभेत दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरतात, २०१९ च्या शासन निर्णयानंतर. पण क्लस्टरच्या हद्दीत सापडली की तिच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. अशा इमारतींचं काय करणार, एवढं एकच उमेदवारानं सांगावं. नोंदणीकृत करार हातात नाही, भाड्याची बँक गॅरंटी नाही, तर किल्ली देऊ नका, असंही म्हणावं. तसं म्हणणारा एकही नाही, कारण बिल्डर मागे उभा असतो."

"मागे?" बाळ्या म्हणाला. "काही ठिकाणी तोच उमेदवारांच्या पॅनेलमध्ये असतो."

मास्तरांनी इथे एक कामाची गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवण्यासारखी. पालिका कायद्याच्या दहाव्या कलमात अशी तरतूद आहे की नगरसेवकानं स्वतः, किंवा त्याच्या जोडीदारानं वा अवलंबितानं, अनधिकृत बांधकाम केलं तर पद जातं. लेखी पत्र देऊन किंवा प्रत्यक्ष आडवं येऊन अधिकाऱ्याची कारवाई अडवली तरी तेच. म्हणजे 'मी तुमची चाळ वाचवली' असं जो भाषणात सांगतो, तो स्वतःच्याच अपात्रतेचा पुरावा देत असतो. २०२५ च्या जूनमध्ये शीळच्या अनधिकृत इमारती हायकोर्टाच्या आदेशानं पाडल्या, तेव्हा घरं घेतलेल्यांचे पैसे गेले. बांधणारा कुठे होता, ते विचारू नका.

मग गाडी पाण्यावर आली. खरं तर तिथेच येणार होती.

"शहराला पाणी कमी नाही," अण्णानं सुरुवातच अशी केली की सगळे खवळले. "रोज स्वतःची योजना २५० दशलक्ष लिटर, स्टेम पाणी प्राधिकरण ११५, एमआयडीसी १३५, मुंबई महापालिका ८५. बेरीज ५८५. लोकसंख्या २०११ ला साडेअठरा लाखांच्या आत होती. आता २६ लाख धर. भाग. माणशी २२५ लिटर."

"मग नळाला हवा का येते?"

"कारण पाणी डोक्यावर मोजून वाटलं जात नाही, पाइपातून वाटलं जातं. टाकी भरते, वॉल्व्हमन चावी फिरवतो, सुरुवातीच्या इमारती मोटर लावून ओढतात, शेवटच्या गल्लीत हवा पोचते. वर जुनी बिडाची लाइन. दीडशे मिलिमीटरचा पाइप आतून गंज धरून शंभराचा झाला की पाणी एक तृतीयांशावर येतं. व्यास दोन तृतीयांश राहतो, पाणी तेवढं राहत नाही. हे कोणी समजावून सांगत नाही."

त्यानं ग्लासाचं तोंड अर्धं झाकून दाखवलं. चहा संपला होता, म्हणून बरं.

"आणि पहिली दहा मिनिटं गढूळ येतं ना, त्याचं कारण तेच. लाइन बंद असते तेव्हा पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते, सांध्यातून बाहेरचं पाणी आत शिरतं. शेजारून गटार जात असेल तर काय शिरतं ते सांगायला नको. चोवीस तास पाण्याचा खरा फायदा हा, लाइन सतत भरलेली राहते. पण त्यासाठी मीटर हवा, गळती बंद हवी, थेट लाइनला लावलेल्या मोटरी जप्त व्हायला हव्यात. मोटर जप्त करणार असं छापणारा उमेदवार दाखव, मी त्याला हार घालतो."

"धरणाचं तर सगळ्यांनी छापलंय," बाळ्या म्हणाला. "काळू, शाई."

"काळू मुरबाडला, शाई शहापूरला. वनजमीन, पुनर्वसन, कोर्ट. पाच वर्षांच्या नगरसेवकाच्या कारकिर्दीत बसणारी गोष्ट नाही. टाकीचं बोला. वीस लाख लिटरची उंच टाकी दिवसातून एकदा भरली तर १३५ लिटरनं जेमतेम पंधरा हजार माणसांना पुरते. तुझ्या प्रभागाच्या टाक्या किती, त्या रोज किती मीटरपर्यंत भरतात, एवढं उमेदवाराला माहीत असलं तरी बास. पिसेच्या पंपांची किंवा टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली, की चोवीस तासांच्या शटडाउननंतर आणखी दोन दिवस दाब कमी असतो, कारण रिकाम्या लाइन आधी भराव्या लागतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसलेला माणूस मोर्चा काढतो तिसऱ्या दिवशी, पाणी आपोआप येणार असतं त्याच दिवशी. आणि श्रेय घेतो."

यावर सेक्रेटरीसुद्धा हसला.

बाळ्याचा मुद्दा निराळा होता. त्याच्या मते नगरसेवकाला काही अधिकारच नाहीत, मग कशाला डोकेफोड? मार्च २०२२ ला मुदत संपली आणि नंतर प्रशासक आला, तेव्हा शहर थांबलं नाही.

"थांबलं नाही, पण बघायला कोणी नव्हतं," मास्तर म्हणाले. "ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. एरवी तो सर्वसाधारण सभेपुढे येतो. त्या वेळी सभाच नव्हती. मैदानाचं आरक्षण कुठलं उडालं, रस्ता कुणाच्या घरावरून गेला, हे लोकांनी स्वतः नकाशे उघडून शोधलं. स्थायी समितीत १६ जण असतात, मोठी कंत्राटं त्यांच्यापुढून जातात. अंदाजपत्रक आयुक्त मांडतो, पण आकडे हलवते सभा. कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: पाणी, गटार, रस्ते, दिवे, प्राथमिक शाळा. नगरसेवकाला या कलमावर बोट ठेवून बोलता येतं. त्याला मोफत घर देता येत नाही. म्हणून घराचं आश्वासन सोपं, ते पाळायचं नसतं."

"पैसा कुठून येणार, तेही विचार," अण्णा म्हणाला. "जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला. उरला मालमत्ता कर, पाणीपट्टी, शासनाची भरपाई आणि शहर विकास विभागाची बांधकाम परवानगीची फी. म्हणजे इमारती वाढल्या तरच तिजोरी भरते. मग वाढ नको असं पालिका म्हणेल कशी? आणि त्याच पत्रकात खाली करमाफी. वर खर्च, खाली माफी. कागद एकच."

मतदान कसं करायचं यावर मात्र जुंपली. ३३ प्रभाग, १३१ जागा, बहुतेक प्रभागांत 'अ' ते 'ड' अशा चार जागांवर चौघांचं पॅनेल, म्हणजे एका मतदाराची चार मतं. सेक्रेटरी म्हणतो, एकाच पक्षाचे चार द्या, नाहीतर भांडणात कामं अडतात. अण्णा म्हणतो, चौघं एकाच पक्षाचे असले की फोन उचलायला कोणीच नसतो. 'अ' म्हणतो 'ड'ला विचारा, 'ड' म्हणतो वॉल्व्ह माझ्या बाजूला नाही. वॉल्व्ह एकच असतो. मास्तरांनी यात मत दिलं नाही, फक्त एवढं म्हणाले की प्रतिज्ञापत्र चौघांचंही वाचा, त्यात संपत्तीच्या तक्त्यासोबत गुन्ह्यांचंही पान असतं.

माहिती अधिकारात अर्ज टाकायचा का, तर दहा रुपयांचा स्टॅम्प लागेल आणि उत्तराला तीस दिवस, मतदान त्याआधी. म्हणून उद्या संध्याकाळच्या प्रचारफेरीत तोंडी विचारायचं ठरलं. एका पत्रकाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर अण्णानं लिहायला घेतलं: आपल्या गल्लीला पाणी कुठल्या टाकीतून येतं, वॉल्व्ह किती वाजता उघडतो, शेवटच्या इमारतीपर्यंतची लाइन किती मिलिमीटरची, आणि ती बदलण्यासाठी चालू अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षकाखाली किती रक्कम. सेक्रेटरीनं पाचवा प्रश्न घातला: सी-१ इमारतीतल्या कुटुंबाला नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी कुठे ठेवणार? अण्णाला तो प्रश्न पहिला हवा होता. कागदावर वर जागा नव्हती, म्हणून त्यानं बाण काढून तो वर नेला.