एकही पॉड न चालवता कुबरनेटीसची कार्यशाळा कशी पार पाडावी

कुबरनेटीस म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर सांभाळणारी प्रणाली, आणि पॉड म्हणजे तिच्यात चालणारं सगळ्यात लहान एकक. निमंत्रणात ‘प्रत्यक्ष करून शिका’ हे ठळक छापा आणि खाली एकच सूचना द्या: लॅपटॉप आणा. त्यात मेमरी किती, बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, कंपनीने अ‍ॅडमिनचे हक्क दिलेत का, असल्या चौकशा पाहुण्यांकडे करणं बरं दिसत नाही. मिनीक्यूबला (लॅपटॉपवर छोटं कुबरनेटीस चालवणारं साधन) किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क लागते, हे त्यांना आल्यावर कळेलच. तपासणीची छोटी स्क्रिप्ट आठवडाभर आधी पाठवलीत तर या अडचणी घरीच सुटतील. मग सकाळचे दोन तास भरणार कशाने?

इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो प्रोग्रॅमचा तयार गठ्ठा) सगळ्यांना हॉलमध्येच उतरवायला लावा. तिथलं वायफाय बाहेरच्या जगाला बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतं, आणि लॉगिन न केलेल्यांना डॉकर हब (इमेजचं सार्वजनिक कोठार) एका पत्त्यामागे ६ तासांत १०० पुल (डाउनलोड) देतं. समजा ४० जण आले. काइंड या मिनीक्यूबसारख्याच साधनाच्या नोडची (ज्या यंत्रावर पॉड चालतात त्याची) इमेज ४० वेळा, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ४० वेळा, झाले ८०. रेडिस या डेटाबेसची पाळी आली की २० जण पार होतात आणि एकविसाव्यापासून इमेजपुलबॅकऑफ, म्हणजे इमेज उतरत नसल्याची पाटी. शेजाऱ्याचं चालतंय म्हटल्यावर उरलेल्यांना आपलंच यॅमल (काय चालवायचं हे कुबरनेटीसला सांगणारी फाइल) चुकलंय असं वाटतं आणि ते तासभर स्पेस मोजत बसतात. मर्यादा सहा तासांची, कार्यशाळाही सहा तासांची. इतके गुण पत्रिकेतही जुळत नाहीत.

कुणीतरी शहाणा लॅपटॉपवर डॉकर लॉगिन करेल. करू द्या. काइंडच्या नोडमध्ये इमेज आणतं ते आतलं कंटेनरडी, म्हणजे कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम. बाहेरच्या लॉगिनची त्याला खबर नसते. खरा धोका पेन ड्राइव्हवर इमेज घेऊन येणाऱ्याचा, कारण तो काइंडच्या लोड कमांडने ती थेट नोडमध्ये घालतो. त्याच्यासाठी सगळ्या यॅमलमध्ये टॅग (इमेजच्या आवृत्तीची खूण) ‘लेटेस्ट’ ठेवा. टॅग लेटेस्ट असला, किंवा लिहिलाच नसला, की इमेज पुल पॉलिसी आपोआप ‘ऑलवेज’ होते. मग इमेज नोडमध्ये असूनही क्युबलेट (नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी) आधी रजिस्ट्रीकडे, म्हणजे इमेजच्या कोठाराकडे, विचारायला जातो आणि वायफायने मान टाकली असेल तर तिथेच अडतो. आवृत्तीचा नेमका आकडा लिहिण्याचा मोह तेवढा आवरा. तो लिहिलात की पॉलिसी ‘इफ नॉट प्रेझेंट’ होते आणि पॉड चालू लागतो.

स्वतःची डेमो इमेज एम-मालिकेच्या मॅकवर बांधा, तीही फक्त त्याच आर्किटेक्चरसाठी. इंटेलवाल्यांना बहुधा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ मिळेल आणि पॉड क्रॅशलूपबॅकऑफमध्ये, म्हणजे पडण्याच्या आणि थांबून पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात, जाईल. तिथला थांबा १० सेकंदांपासून दुप्पट होत ५ मिनिटांवर पोचतो. चहा आरामात होतो. कारण कुणाला सापडू नये म्हणून डिस्क्राइब आणि लॉग्ज या पॉडची अवस्था आणि नोंदी दाखवणाऱ्या दोन कमांड शेवटच्या सत्रासाठी राखून ठेवा.

स्लाइड जुन्याच चालतील. इन्ग्रेसची (बाहेरून येणारी वाहतूक आत वळवणाऱ्या नियमांची) बीटा आवृत्ती कुबरनेटीस १.२२ मध्ये, म्हणजे २०२१ साली काढून टाकली. ती तुमच्या यॅमलमध्ये असणं ही परंपरा आहे. यॅमल पीडीएफमधूनच कॉपी करायला द्या, म्हणजे इंडेंटेशन वाटेत गळेल आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतील. गिटवर फाइली ठेवल्या तर लोक त्या नुसत्या अप्लाय (कुबरनेटीसला लागू) करून मोकळे होतात.

हे सगळं टाळायला कुणी क्लाउडवर एकच सामायिक क्लस्टर (नोडचा समूह) सुचवेल. जरूर घ्या. पण प्रत्येकाला वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला स्वतंत्र कप्पा), तेवढ्यापुरते हक्क आणि कोटा देत बसू नका. एकच अ‍ॅडमिन क्युबकॉन्फिग (क्लस्टरमध्ये शिरायची किल्ली असलेली फाइल) ग्रुपवर टाका, सगळ्यांना डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये बसवा आणि प्रत्येकाच्या डिप्लॉयमेंटचं (पॉड चालते ठेवणाऱ्या मागणीचं) नाव ‘वेब’ ठेवा. शेवटचा अप्लाय करणारा जिंकतो. दुपारी कुणीतरी आपलं आवरायला म्हणून ‘डिलीट ऑल’ चालवेल. सगळ्यांचं एकदम आवरेल.

संध्याकाळी क्लस्टर थेट मिटवा. आधी लोडबॅलन्सर (येणारी वाहतूक वाटून देणारा) प्रकारच्या सर्व्हिस आणि व्हॉल्यूम क्लेम (डिस्कच्या मागण्या) काढलेत तर मागे काही उरत नाही. न काढल्यास बॅलन्सर आणि डिस्क क्लाउडवर तशाच राहू शकतात, आणि कार्यशाळा पुढच्या महिन्याच्या बिलातही चालू राहते.