होतकरू दुष्यंतांसाठी मार्गदर्शन

आपली आणि तिची ओळख जेमतेम चार महिन्यांची होती, हे आपले म्हणणे मान्य करूनच हे मार्गदर्शन लिहायला घेतले आहे. एकाच कार्यालयात काम करत होतात, पावसाळ्यात दोनदा लोणावळ्याला जाऊन आलात, एकदा तिच्या मावशीच्या घरी पुरणपोळीचे जेवण जेवलात आणि मग आपली बेंगळुरूला बदली झाली. पुढे एके दिवशी तिने फोनवर जी बातमी सांगितली ती ऐकताना नेमकी आपल्या फोनची रेंज गेली आणि ती आजतागायत परत आलेली नाही. खरे तर विषय तिथेच मिटायला हवा होता. परंतु आता आपल्या दाराशी कौटुंबिक न्यायालयाची नोटीस येऊन थडकली आहे, आणि तिच्यात अर्जदाराच्या नावापुढे 'वय सव्वा वर्ष, धंदा काही नाही, अ.पा.क. आई' (म्हणजे अज्ञान अर्जदाराच्या वतीने पालनकर्ती आई) असे लिहिले आहे. आपण त्यात सामनेवाले आहात. एवढा लहान प्रतिपक्ष आपल्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही, तेव्हा धीर सोडू नये.

आपल्यामागे फार जुनी परंपरा उभी आहे, हे आधी लक्षात घ्यावे. रंगभूमीवर भेटणाऱ्या दुष्यंताला शापाची सबब आहे, हरवलेली अंगठी आहे, माशाचे पोट आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या दुष्यंताकडे यांतले काहीही नव्हते. कण्व फळे आणायला रानात गेले होते तेवढ्या अवधीत त्याने गांधर्वविवाह उरकला व राजधानी गाठली. आणि काही वर्षांनी शकुंतला मुलाचा हात धरून दरबारात उभी राहिली तेव्हा, सारे आठवत असूनही, 'मला आठवत नाही' असे तो म्हणाला. वर तिलाच त्याने 'दुष्ट तापसी' ठरवले. आज न्यायालयात उत्तरादाखल दिल्या जाणाऱ्या कोणत्याही लेखी म्हणण्याचा मसुदा याहून फारसा वेगळा नसतो: पहिल्या परिच्छेदात विस्मरण, दुसऱ्यात तिचे चारित्र्य. राजाचे दुर्दैव एवढेच की त्या काळी आकाशवाणी फार तातडीने होत असे. 'भरस्व पुत्रम्', म्हणजे पोराला पोस, असा आदेश नोटीस नाही, तारीख नाही, थेट भर दरबारात सुटला. त्यावर राजाने खुलासा केला की आपल्याला हे ठाऊकच होते, पण नुसत्या तिच्या शब्दावर मुलाला पत्करले असते तर लोकांना शंका आली असती. आपल्या काळात आकाशवाणीचे खाते सांताक्रूझजवळच्या कलिना येथील, डीएनए तपासणाऱ्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे आणि तिच्या भावंडांकडे आहे, आणि ती सरकारी कार्यालये असल्यामुळे वाणी उमटायला वेळ लागतो. आपली सारी मदार या वेळावर आहे.

कायद्याशी वाद घालण्यात शक्ती दवडू नये, कारण या बाबतीत तो अगदीच अरसिक आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ घ्या किंवा १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ घ्या, मूल औरस आहे की अनौरस याच्याशी दोघांनाही कर्तव्य नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे अज्ञान मूल आणि ऐपत असून त्याची हेळसांड करणारा बाप, एवढेच त्यांना दिसते. 'आमचे लग्नच झालेले नव्हते' हे आपले हुकमाचे पान तिच्या स्वतःच्या पोटगीपुरते कदाचित चालून जाईल. मुलाच्या पोटगीवर ते पडत नाही. किंबहुना लग्न न केल्याने आपण एक जुने चिलखत घालवून बसला आहात. लग्नसंबंधात जन्मलेले मूल औरसच धरावे असे १८७२च्या पुरावा कायद्याने कलम ११२ मध्ये सांगितले, नव्या साक्ष अधिनियमाने तेच कलम ११६ मध्ये उतरवून घेतले, आणि म्हणून विवाहितांच्या भांडणात न्यायालये डीएनए चाचणीला सहसा हात लावू देत नाहीत. २०२३ साली महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी नाकारली होती. आपल्या आणि चाचणीच्या मध्ये अशी कोणतीही भिंत नाही.

तेव्हा आधी नोटिशीकडे वळू. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद २००१च्या दुरुस्तीने आलेली आहे. नोटीस बजावलीच गेली नाही तर हे ६० दिवस सुरूच होत नाहीत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. नोटीस बजावणारा न्यायालयाचा बेलीफ आला की दार आत्याने उघडावे आणि 'तो इथे राहत नाही, कुठे असतो आम्हाला माहीत नाही' असे सांगावे. त्या वेळी दाराशी आपले हेल्मेट आणि नऊ नंबरचे बूट असू नयेत एवढी काळजी घ्यावी, कारण हे बेलीफ लोक वयाने थोराड आणि नजरेने तिखट असतात. तरीही बहुतेक वेळा 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही' हा शेरा पडतो आणि आपल्या पदरात दीड-दोन महिने पडतात. व्हॉट्सअ‍ॅपपासून मात्र सावध असावे. २०१८ साली क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने निळ्या खुणा पाहून नोटीस पोहोचली असे मानले होते. म्हणून तिचा नंबर ब्लॉक करतानाच त्या खुणाही बंद करून ठेवाव्यात.

एक ना एक दिवस म्हणणे दाखल करावेच लागेल. येथे आपल्या घरच्यांचे सहकार्य अमोल ठरते. 'माझ्या बाळाला भोळा बघून अडकवलंय हो', असे आपली आई इमारतीच्या जिन्यात उभी राहून सांगेल. अठ्ठावीस वर्षांचे हे बाळ आत टीव्ही पाहत बसलेले असेल आणि सव्वा वर्षाचे दुसरे बाळ या घरात कोणालाच माहीत नसेल. मामा म्हणतील, 'असल्या मुली पैशांसाठी करतात.' मामांच्या या सिद्धांतानुसार डबे, रात्रीची जागरणे, लशी, पाळणाघराचे शुल्क, आणि कार्यालयात पाठीमागून होणारी कुजबुज हा सारा खटाटोप तिने महिन्याकाठी मिळू शकणाऱ्या काही हजारांच्या आशेने केला आहे. एवढे भांडवल घालून इतका कमी परतावा देणारा दुसरा धंदा मामांना सुचवता येणार नाही, पण ते विचारू नये. म्हणण्यात 'अर्जदाराच्या आईचे अनेक पुरुषांशी संबंध होते' हे वाक्य घालावेच. त्या अनेकांपैकी एकाचे तरी नाव सांगा असे उलटतपासणीत विचारले गेले तर आपण सभ्य गृहस्थ असल्याने नावे घेत नाही, असे उत्तर द्यावे.

आता चाचणी. मुलाच्या प्रत्येक गुणसूत्र-जोडीतले एक आईकडून आणि एक बापाकडून येते. तीन माणसांच्या रक्ताचे थोडे थेंब घेऊन ठरावीक जागा जुळवून पाहिल्या, आणि आईच्या वाट्याचे वजा केल्यावर उरलेले आपल्याशी जुळले नाही, तर आपण सुटलात. जुळत गेले तर अहवालात ९९.९९ टक्क्यांच्या घरातला आकडा उमटतो. येथे एक गैरसोयीची गोष्ट सांगून टाकतो. ज्याला आपण बाप नाही याची खात्री असते तो पहिल्याच तारखेला ही चाचणी मागतो. विदर्भातल्या एका नवऱ्याने मुलीच्या पोटगीच्या वादात ती मागितली, अहवाल त्याच्या बाजूने आला, दुसऱ्या पक्षाच्या शंकेवरून ती हैदराबादेत पुन्हा झाली, तरी निष्कर्ष तोच निघाला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने, लग्नाचे ते गृहीतक बाजूला सारून, विज्ञानाचा कौल मानत त्याला पोटगीतून मोकळे केले. हा मार्ग आपल्यालाही खुला आहे. आपण तो घेत नाही, यामागे अर्थातच तत्त्व आहे.

ते तत्त्व म्हणजे खासगीपणाचा अधिकार. चार महिन्यांत तो आपल्याला एकदाही आठवला नाही, पण बोटाला सुई टोचायची वेळ आली की तो पूर्ण तेजाने जागा होतो. न्यायालय आपल्याला सहसा धरूनबांधून प्रयोगशाळेत नेत नाही. फक्त, नकार देणाऱ्याच्या रक्तात त्याच्या विरुद्ध जाणारेच काही असणार, असे अनुमान काढायची त्याला मुभा असते, आणि न्यायाधीश ती वापरतात. तरीही चिकाटी दाखवणाऱ्यांची उदाहरणे आहेत. नारायण दत्त तिवारी उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड या दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री होते, पुढे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. एका तरुणाने २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात, हे माझे वडील आहेत एवढेच जाहीर करावे, असा दावा लावला. चाचणीचा आदेश २०१० च्या डिसेंबरात झाला आणि प्रत्यक्ष रक्त मिळाले २०१२ च्या मे महिन्यात, तेही गरज पडल्यास पोलिसांचे बळ वापरा असे न्यायालयाने म्हटल्यानंतर. जुलैत लखोटा फुटला आणि तिवारीच वडील निघाले. २०१४ साली त्यांनी मुलाला मानले आणि वयाच्या ८८व्या वर्षी त्याच्या आईशी लग्नही केले. आपण राज्यपाल नाही, त्यामुळे एवढी मुदत पदरात पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. केरळातल्या थलश्शेरीच्या एका साध्या माणसाला तर ती मुळीच मिळाली नव्हती: लग्नाविना झालेल्या मुलाची पोटगी त्याने नाकारली, १९८०च्या दशकाच्या अखेरीस नमुने हैदराबादेत गेले, तंत्र भारतात नुकतेच आले होते तरी उत्तर स्पष्ट आले, आणि १९९१ साली केरळ उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले.

इतके करूनही एके दिवशी आपल्याला शासकीय रुग्णालयात हजर राहावे लागेल. ओळखीच्या छापील कागदावर आपला फोटो चिकटवून त्यावर अर्धी आत अर्धी बाहेर अशी सही घेतील. तसाच एक कागद तिचा आणि एक मुलाचा असतो, मुलाच्या कागदावर सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा. बाकावर आपण टोकाला बसावे. पोरगे बाकाला धरून एक एक पाऊल टाकत आपल्यापर्यंत येईल आणि आपल्या बुटाची नाडी ओढील, तेव्हा मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचे वाचत राहावे. त्याच्या उजव्या कानाची पाळी थेट आपल्या वडिलांसारखी आहे हे आपल्याला दिसेल. कानाच्या पाळीला पुराव्यात फारशी किंमत नाही, त्यामुळे विचलित होऊ नये.

अहवाल विरुद्ध गेल्यावरही सारे संपत नाही. किंबहुना खरी कारागिरी पुढेच आहे. २०२०पासून दोन्ही बाजूंना मिळकतीचे आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्ज दाखल झाल्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे आपण मोठ्या कष्टाने वाचवलेला वेळ थकबाकी होऊन उभा राहतो. त्याला इलाज आहे. नोकरी सोडून 'सल्लागार' व्हावे. ज्याने परवा मोटार घेतली तो त्या शपथपत्रात महिना नऊ हजार रुपयांवर दिवस काढत असतो, मोटार मेहुण्याच्या नावावर असते, सदनिका आईच्या, आणि शिवाय वृद्ध आईवडिलांची जबाबदारी त्याच्यावर असते, ज्यांच्या पैशांवर तो जगतो. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना मुलाबाळांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगते, तेवढ्यापुरती कंबरदुखीची कागदपत्रे जवळ ठेवावीत. हप्ते चुकवले तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगल्याने रक्कम फिटत नाही, हे खरे. पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत तिलाच करावा लागतो, प्रत्येक वेळी, रजा टाकून, मुलाला कुणाकडे तरी ठेवून. तिला कंटाळा येईल यावर भिस्त ठेवावी. पुष्कळांना येतो.

'मी नाव देणार नाही' ही जुनी धमकी मात्र आता देऊ नये, हसे होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव महाराष्ट्र शासनाने आपल्या कागदपत्रांत सक्तीचेच केले आहे, आणि अविवाहित आईने पालकत्व मागताना बापाचे नाव उघड केलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगून ठेवले आहे. आपले नाव कोणी मागितलेले नाही. दूध आणि शाळेचा खर्च मागितला आहे.

शेवटी दूरदृष्टीचा एक सल्ला. निकाल विरुद्ध गेल्याच्या संतापात डीएनएचा तो अहवाल फाडून टाकू नका. त्याची प्रमाणित प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवा. मुलाला पोटगी मिळवून देणारे कलमच स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांनाही मुलांकडून पोटगी मिळवून देते. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ही जबाबदारी विवाहित मुलीवरही टाकली गेली, त्यामुळे आपल्याला मुलगी झाली असती तरी काळजीचे कारण नव्हते. शिवाय ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा आहे. त्यात 'जैविक' पिता स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, कायद्याच्या शब्दांनुसार कोणत्याच बाजूला वकील लावता येत नाही, आणि न्यायाधिकरणाने सर्वसाधारणपणे ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. आपण साठीला पोहोचाल तेव्हा त्याने तिशी ओलांडलेली असेल, चांगल्या नोकरीला असेल, पत्ताही सहज मिळेल. अर्जात आपला धंदा लिहायचा रकाना येईल, तिथे 'काही नाही' असे लिहावे.