अडीच वर्षांच्या मुलाला लिहायला बसवा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा मेसेज आला. फॉरवर्डच होता, वर ते दोन बाण, आणि खाली तिने स्वतः टाइप केलेलं, 'ताई, हे खरंय का? आपण उशीर केला का गं?' तिची मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. तीन वर्षांच्या पोरीला कसला उशीर! मी पंधरा वर्षं बालवाडीत शिकवतेय, हाच मेसेज गेल्या सहा महिन्यांत चार पालकांनी मला फोन पुढे करून दाखवलाय, आणि दर वेळी मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत समजावून सोडून दिलं. चूक झाली, तेव्हाच लिहायला हवं होतं. आता तो घरात शिरलाय म्हटल्यावर बसलेच लिहायला.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मथळा असा की 'पाच वर्षांनंतर मेंदूचं दार बंद होतं' आणि त्याखाली सात मुद्दे. मेंदूची ९० टक्के वाढ पाच वर्षांपर्यंत, पुढे काही होत नाही. म्हणून अडीच वर्षांपासून रोज अर्धा तास लिहायला बसवा. बालवाडीत फक्त अभ्यास हवा, जी बालवाडी खेळवते ती तुम्हाला फसवते. घरची भाषा बंद करा, दोन भाषांनी मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं. शैक्षणिक व्हिडिओ रोज लावा. बालवाडीत सोडताना रडलं तर न सांगता निघून जा. डावखुरं असेल तर आत्ताच सवय मोडा. आणि शेवटी 'तज्ज्ञांचं मत'. कुठले तज्ज्ञ, कुठे म्हणाले, काही नाही.

मी क्रमाने जाणार नाहीये. दुसरा मुद्दा आधी घेते कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतोय, आणि माझ्या भाचीचं तर केलंच.

बहिणीने मला विचारायच्या आधी आठ दिवस हा प्रयोग करून झाला होता. ठिपके जोडून अक्षर काढायची वही आणली, रोज संध्याकाळी टेबलाशी अर्धा तास. ती वही मी काल बघितली. पहिल्या पानावर रेघ इतकी दाबून काढलीये की कागद फाटून मागच्या पानावर वण उठलेत, तिसऱ्या पानावर नुसते गोल गरगर, पाचव्या पानापासून काहीच नाही. पेन्सिल तिने पलंगाखाली टाकून दिली होती आणि विचारलं की 'हरवली' म्हणते. तीन वर्षांच्या मुलीला खोटं बोलायची गरज पडली, ते एका पेन्सिलीपायी. आणि माझी बहीण स्वतःलाच दोष देत बसलीये, की आपणच हिला आधी सवय लावली नाही.

आता कागद का फाटला ते ऐका. या वयात बहुतेक मुलं पेन्सिल मुठीत धरतात किंवा सगळी बोटं वरून गुंडाळून धरतात आणि रेघ काढताना अख्खा हात खांद्यापासून हलतो. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चारला दिसायला लागते, आणि मनगट टेकवून नुसत्या बोटांनी पेन्सिल फिरवणं हे पाच-सहाच्या आसपास, काहींना त्याहून उशिरा. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात, तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात, शेवटचं हाड दिसायला नऊ-दहा वर्षं लागतात. हाडं पूर्ण झाल्याशिवाय मूल लिहूच शकत नाही असं मी म्हणत नाहीये, तसं असतं तर पहिलीतही कोणी लिहिलं नसतं. पण हा हात अजून घडतोय एवढं तरी लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट डोळ्याची आणि हाताची मिळून. बघून आकार काढायचा एक ठरलेला क्रम असतो, तो जगभरच्या मुलांत थोड्याफार फरकाने तोच. उभी रेघ दोन वर्षांच्या आसपास, आडवी त्यानंतर, गोल तीनला, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाच-साडेपाचला. तिरकी रेघ सगळ्यात शेवटी येते. आता 'अ' डोळ्यासमोर आणा. तिनाच्या आकड्यासारखी दोन पोटं, मधून जोडणारी रेघ, मग उभा दांडा, वर शिरोरेषा, आणि हे सगळं एकमेकांना नेमक्या जागी भेटायला हवं. इंग्रजी 'ए' घ्या तर दोन तिरक्या रेघा टोकाशी भेटवायच्या. ज्या मुलीला आत्ताशी गोल बंद करता येतोय तिच्यापुढे हे ठेवायचं आणि नाही जमलं की 'लक्ष नाही' म्हणायचं! लक्ष आहे हो, होतं नव्हतं तेवढं सगळं लक्ष तिने त्या पेन्सिलीवर दाबलं म्हणून तर कागद फाटला.

मग या वयात लिहिण्याची तयारी करायचीच नाही का, तर करायची की, आम्ही रोज तेच करतो, फक्त ते वहीत दिसत नाही. चिकणमाती मळणं, कागद टराटरा फाडून चिकटवणं, मणी ओवणं, चिमट्याने कापसाचे बोळे उचलणं, ओल्या फडक्याने फळा वरपासून खालपर्यंत पुसणं, लोंबकळणं, चढणं. खांदा पक्का झाला की कोपर, मग मनगट, मग बोटं. आमच्याकडे एक मुलगा वर्षभर खडूला हात लावत नव्हता, पण वाळूत बोटाने रस्ते काढायचा, वळणं, पूल, सगळं. पुढच्या वर्षी हातात पेन्सिल घेतली ती सरळ नीट तीन बोटांत. हां, एक मान्य करते. काही मुलं तीन-साडेतीनला स्वतःहून येतात, 'माझं नाव कसं काढायचं' विचारतात. त्यांना दाखवा, जरूर दाखवा. विचारलेलं दाखवणं आणि न मागता रोज अर्धा तास बसवणं यात फार फरक आहे.

आणि लवकर सुरू केलं की पुढे जातात हेही खरं नाही. न्यूझीलंडमध्ये सबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकवलेली मुलं यांची तुलना केली, २०१३ ला ते प्रसिद्ध झालं. अकरा वर्षांपर्यंत दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. म्हणजे दोन वर्षं आधी जीव काढून हातात काय आलं?

आता 'खेळवणारी बालवाडी फसवते' हा मुद्दा. इथे मला एक अभ्यास नीट सांगायचाय, कारण माझ्या मते या वादात इतकं वजन दुसऱ्या कशालाच नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने गरीब घरांतल्या चार वर्षांच्या मुलांसाठी सरकारी बालवर्ग चालवले. काही ठिकाणी जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठी टाकून प्रवेश दिले. त्यामुळे झालं काय, की प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मुलं सारख्याच घरांतली, नशिबाचाच काय तो फरक. अशा २,९९० मुलांचा माग संशोधकांनी सहावीपर्यंत घेतला. बालवर्गाचं वर्ष संपलं तेव्हा तिथे गेलेली मुलं पुढे होती, अक्षरं-आकडे जास्त येत होते, ज्या गोष्टीवर हा मेसेज भाळलाय त्याच. वर्षभरात बाकीच्यांनी त्यांना गाठलं. तिसरीत बालवर्गवाली मुलं राज्याच्या परीक्षेत मागे पडलेली दिसली, आणि सहावीत, २०२२ ला जे निष्कर्ष आले त्यात, ती आणखी मागे होती, शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त.

यावरून बालवाडीच वाईट असं कोणी म्हणेल तर थांबा. मिशिगनमधला पेरी प्रीस्कूलचा प्रयोग १९६२ ला सुरू झाला, १२३ मुलं, निम्मी बालवाडीत आणि निम्मी नाही, आणि ती चाळिशीची होईपर्यंत त्यांच्याशी संपर्क ठेवला. तिथे गेलेली मुलं मोठेपणी जास्त शिकली, जास्त कमवत होती, तुरुंगात कमी गेली. त्या बालवाडीत मुलं दिवसाची सुरुवात आज मी काय करणार हे ठरवून करायची, मग ते करायची, मग काय केलं ते सांगायची. बाई घरी जाऊन आईबरोबरही बसायच्या. टेनेसीच्या अभ्यासातल्या डेल फॅरन यांनी नंतर बोट ठेवलं ते याच्या उलट चित्रावर, अख्खा वर्ग एकत्र बसवलेला, बाई बोलतायत, मुलं ऐकतायत, आणि उरलेला वेळ रांगेत. दोन्ही अभ्यासांत बाकी फरक पुष्कळ आहेत, काळ वेगळा, मुलांची संख्या वेगळी, त्यामुळे एकाच कारणावर सगळं ढकलता येणार नाही. पण वर्षअखेरीस अक्षरं किती आली यावर बालवाडी तोलायची नाही, एवढं तर टेनेसीने स्वच्छ दाखवलंय.

आणि खेळ म्हणजे सोडून दिलेली मुलं असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा ठोकळ्यांच्या कोपऱ्यात अर्धा तास बसावं. मागच्या आठवड्यात दोघी मनोरा रचत होत्या, तो तीनदा पडला. चौथ्यांदा एकीने मोठा ठोकळा खाली घेतला, दुसरी म्हणाली 'नको, मला तोच वर हवाय'. भांडण. मी जवळ जाऊन एवढंच विचारलं, 'हा वर ठेवायचा तर खाली काय लागेल?' दोघी गप्प झाल्या, मग खाली दोन ठोकळे शेजारी शेजारी लावले, वर मोठा. मनोरा उभा राहिला. वजन, तोल, मोजमाप, दुसऱ्याचं ऐकणं, पडल्यावर रडू आवरून परत रचणं, सगळं त्यात आलं. यात बाईचं काम काहीच नाही असं वाटतं, पण तो एक प्रश्न कधी विचारायचा आणि कधी तोंड बंद ठेवायचं हे शिकायलाच मला कितीतरी वर्षं लागली.

रडण्याचा मुद्दा. न सांगता निघून जा म्हणे. मूल दोन दिवसांत गप्प होतं हे खरंय, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण त्या गप्प मुलाला जवळून बघा. ते दाराकडे पाठ करून बसत नाही, डबा उघडत नाही, खेळायला गेलं तरी एक डोळा दारावर. कारण पाठ वळली की माणूस गायब होतो हे त्याला कळलेलं असतं. मग घरीही आई बाथरूममध्ये गेली तरी दाराशी रडणं सुरू होतं आणि आईला वाटतं हट्टी झालंय. सांगून जा. 'झोपून उठलास की मी येणार', एक मिठी, आणि निघा. यातलं अर्धं सत्य नाइलाजाने मान्य करते, की दारात वीस मिनिटं रेंगाळणं, परत परत वळून येणं, याने मुलाचं रडणं वाढतंच. तेव्हा निरोप छोटा हवा हे बरोबर, पण निरोपच नको हे अजिबात नाही. आणि पहिले काही दिवस कोणीतरी घरचं माणूस वर्गात थोडा वेळ बसू द्यावं, जी बालवाडी याला सरळ नाही म्हणते तिला का म्हणून विचारा.

बाकीचे भराभर.

९० टक्के मेंदू. मुलाचा मेंदू पाच-सहाच्या सुमारास मोठ्या माणसाच्या मेंदूच्या आकाराच्या जवळपास ९० टक्के होतो, हे खरं. आकाराच्या. आतली जोडणी पुढे कित्येक वर्षं चालू असते, आणि कपाळामागचा भाग, जो विचार करून थांबायला शिकवतो, तो तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. पहिली वर्षं फार मोलाची, यावर माझं अख्खं आयुष्य चाललंय, पण दार वगैरे काही बंद होत नाही.

घरची भाषा. दोन भाषा ऐकणारी मुलं बोलण्याचे टप्पे साधारण त्याच वयात गाठतात. एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी वाटतील, दोन्हींचे मिळून मोजा. एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या तर तो गोंधळ नव्हे, हाताशी असलेला शब्द वापरलाय इतकंच. आणि आईने स्वतःची भाषा सोडून जेमतेम येणाऱ्या भाषेत बोलायचं ठरवलं की घरातलं बोलणं 'कम', 'सिट', 'ईट' एवढ्यावर येतं. गोष्ट नाही, गप्पा नाहीत, रागावणंसुद्धा धड नाही.

व्हिडिओ. पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग आहे, नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, प्रत्येकी पंचवीस मिनिटांची बारा सत्रं. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले आवाज उचलले. तीच माणसं, तेच बोलणं स्क्रीनवर दाखवलं तेव्हा काहीच उचललं नाही.

डावखुरं मूल. दहातलं एक माणूस डावखुरं असतं, सोडा त्या पोराला, कात्री मात्र डाव्या हाताची आणून द्या.

बहिणीने ती वही ठेवून दिलीये. सोमवारी ती दोन बालवाड्या बघायला जाणार आहे, मला म्हणाली ताई काय बघू. तिला सांगितलं, भिंतीवरचे तक्ते बघू नकोस. बाई मुलांशी बोलताना किती वेळा खाली बसतात, आणि ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला माहीत नाही असा प्रश्न मुलांना किती वेळा विचारतात, ते मोजून ये.